सगळ्या गाड्यांचे डावे सांधे

गाडीच्या पुढच्या चाकाचा संसार अवघड असतो. त्याने इंजिनाच्या तालावर फिरायचं, खड्ड्यात वरखाली व्हायचं आणि स्टिअरिंग सांगेल तिकडे तोंडही वळवायचं. हे सगळं एकाच वेळी जमावं म्हणून इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो. लोखंडी वाटी, तिच्या आत खाचा, खाचांत पोलादी गोळ्या, आणि गोळ्यांना जागेवर धरून ठेवणारा पिंजरा. वरून काळ्या रबराचं घड्याघड्यांचं टोपण, आत ग्रीस. टोपण शाबूत असेतो हा सांधा बहुतेक मालकांपेक्षा निरोगी राहतो. टोपण फाटलं की ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते, गोळ्या खाचांना खड्डे पाडू लागतात, आणि गाडी पूर्ण वळवली की खालून टक-टक-टक ऐकू येतं. मालक रेडिओ मोठा करतो. मग कधीतरी पिंजरा तुटतो, गोळ्या सुटतात, आणि इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत असताना गाडी जागची हलत नाही.

मिस्त्री आयुष्यभर एवढं एकच काम करत आले. ब्रेकला ते हात लावत नसत. "त्याचे डॉक्टर वेगळे," म्हणायचे. दुकान म्हणजे पत्र्याखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा, मागे लोखंडी बाक आणि समोर ओबडधोबड पटांगण. खरं दुकान ते पटांगणच होतं.

कोणत्या बाजूचा सांधा गेला हे ओळखायची रूढ रीत आहे. डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर बहुधा डावा; शिवाय गाडीखाली शिरून दांडा हाताने हलवून बघायचा. मिस्त्रींना त्यातला 'बहुधा' पटत नसे. ते मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसत, डोळे मिटत, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे दोन्ही हात मांड्यांवर ठेवत आणि मालकाला म्हणत, "घ्या गोल." गाडी पटांगणात घिरट्या घाली. थोड्या वेळाने मिस्त्रींचं एक बोट उठे, डावीकडे नाहीतर उजवीकडे. संपलं. लोक काम दुसरीकडून करून घेणार असले तरी बोट मिस्त्रींचं घेऊन जात. काम झाल्यावर पुन्हा गोल घेण्याची पद्धत नव्हती. आपल्याच सहीवर कोण शंका घेतं?

आणि मग एक वर्ष असं आलं की जी येईल त्या गाडीचा डावाच सांधा गेलेला निघू लागला.

यावर पुष्कळ विचार झाला. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जाते आणि कडेलाच खड्डे फार, असं एका जाणकार गिऱ्हाइकाने दाखवून दिलं. दुसऱ्याचं म्हणणं, हल्लीचं रबरच तकलादू. डाव्याच बाजूचं का, हे त्याला कोणी विचारलं नाही. मिस्त्रींचा मेव्हणा दुकानात धुण्यापुसण्याचं आणि ग्रीस भरण्याचं काम करायचा. काढलेले जुने सांधे रॉकेलमध्ये धुताना त्याला दिसत होतं की यांतल्या बऱ्याच वाट्या आतून आरशासारख्या गुळगुळीत आहेत. तो त्या पुसून, ग्रीस लावून बाकाखाली ठेवून देई. बहिणीच्या नवऱ्याला काही सुनावण्याची वेळ माणसावर येऊ नये, असं त्याचं एकूण धोरण होतं.

ताईचं धोरण उलट होतं. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. तिच्या व्हॅनमध्ये पोरं वर्गातल्यापेक्षा शिस्तीत बसतात. मिस्त्रींनी व्हॅनचा डावा सांधा बदलून दिला आणि दुसऱ्या दिवशी, पोरांना शाळेत सोडून, ती पुन्हा दारात हजर.

"काय रे, काल सांधा बदललास की नुसता पुसलास?"

"बदलला."

"मग खाली टकटक कोण करतंय? पाहुणे आलेत?"

"तुझ्या कानात पोरांचा गोंगाट बसलाय, ताई."

"माझे कान काढू नकोस. पोरांनी त्या टकटकीवर गाणं बसवलंय."

मिस्त्री मुकाट्याने मागच्या सीटवर बसले. डोळे मिटले. व्हॅन फिरू लागली. बोट उठलं. डावीकडे.

"अरे, डावा कालच घातलास ना?"

"मग नवाच खराब निघाला."

दारात उभा असलेला मेव्हणा विनाकारण खोकला. ताई गोल घेतच राहिली. स्टिअरिंगवरून नजर न हलवता, नेहमीपेक्षा हळू आवाजात तिने विचारलं, "चहा घेणार का?"

मिस्त्रींनी मिटल्या डोळ्यांनी मान डावीकडे वळवली आणि ताईशेजारच्या रिकाम्या सीटला सांगितलं, "घेईन."

ताईने हे आरशात पाहिलं. व्हॅन थांबवली. "डोळे उघडू नकोस. मी कुठून बोलतेय, दाखव."

बोट उठलं आणि मधेच अडकलं. स्टिअरिंग उजवीकडे असतं हे त्यांना ठाऊक होतं. आवाज मात्र डावीकडून येत होता.

"बाळ," ताई म्हणाली. हा शब्द तिने मिस्त्रींना मिसरूड फुटल्यापासून वापरला नव्हता. "उजवा कान कधी गेला?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. मेव्हणा जवळ आला.

"भावोजी, रागावणार नसाल तर एक दाखवतो."

"रागावेन. दाखव."

बाकाखालचा ढीग बाहेर आला. मिस्त्री एकेका वाटीत बोट घालून खाचा चाचपू लागले. काहींत खड्डे होते. बऱ्याच वाट्यांत बोट कुठेच अडलं नाही.

"हे सगळे मी काढायला लावले?"

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"तुम्ही बोट दाखवलं होतं ना."

मिस्त्रींनी व्हॅनचं उजवं चाक उतरवलं. टोपण घडीवर फाटलेलं. ग्रीस चिमटीत घेतलं तर वाळूसारखं करकरलं. वाटी ठोकून काढली, गोळ्या एकेक करून बाहेर घेतल्या. खाचांत बोटाचं टोक बसेल एवढे खड्डे, आणि पिंजऱ्याला आरपार चीर. पुढच्या एखाद्या चढावर तो सुटला असता. व्हॅनमध्ये कोण बसतं हे सांगायची गरज नव्हती, आणि ताईने ते सांगितलं नाही, यातच काय ते आलं. त्यांनी नवा सांधा बसवला, टोपण नवं चढवलं, पट्टी आवळली.

कानाच्या डॉक्टरांनी आतली नस गेल्याचं सांगितलं. वर्षानुवर्षं कानाशी हातोडा वाजल्याचा हा परिणाम असावा. हा भाग बदलून मिळत नाही, हेही त्यांनी सौम्यपणे सांगितलं. घरी बायको म्हणाली, हे ऐकत नाहीत ही तक्रार ती लग्नापासून करत आलेली असल्यामुळे मधे काही नवीन घडलंय हे तिच्या लक्षात आलं नाही.

राहिल्या बाकीच्या गाड्या. ज्यांचा चांगला डावा काढला, त्या सगळ्या गेलेल्या उजव्यावर फिरत होत्या. मेव्हण्याने तोड काढली. "मालच खराब आला होता म्हणून सांगू. सगळ्यांना बोलावू, दोन्ही बाजू तपासून देऊ. तुमच्या कानाचं कशाला काढायचं?"

तोड चांगली होती. गाड्याही दुरुस्त झाल्या असत्या आणि नावही राहिलं असतं. मिस्त्री पायरीवर बसून हाताचं ग्रीस पुसत राहिले, हात स्वच्छ झाल्यावरही. त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही. पण लोक ज्या गोष्टीसाठी येत ती एकच होती, आणि ती आता नव्हती. ती आहे असं दाखवत मागच्या सीटवर बसणं अवघड नव्हतं. आणखी एक वर्ष सहज निभलं असतं. फक्त प्रत्येक वेळी बोट कुठे दाखवायचं हे मनाशी ठरवून बसावं लागलं असतं.

त्यांनी पहिला फोन गिऱ्हाइकांतल्या एका शिंप्याला लावला.

"तुमच्या गाडीचा डावा सांधा मी बदलला ना, तो चांगला होता. गेलाय तो उजवा."

"छे हो! तुमच्याकडून नेली तेव्हापासून आवाज कुठला?"

"नीट ऐकलंत?"

"ऐकायचं कशाला? तुम्ही सांगितलं होतंत ना."

हीच अडचण असेल असं मिस्त्रींना वाटलं नव्हतं. मग ते म्हणाले, "माझा उजवा कान गेलाय. मला सगळंच डावीकडून ऐकू येतं."

"काय चेष्टा करता, मिस्त्री! तुमचा कान?" शिंपी खळखळून हसला. पलीकडचं शिलाई मशीन चालूच होतं.

"चेष्टा नाही. चढावर जाऊ नका. गाडी हळू चालवत इकडे घेऊन या. मी खाली शिरून दांडा हलवून बघेन."

"आणि गोल?"

"घेऊ की. पण ऐकायचं तुम्ही आणि मला सांगायचं."

पलीकडचं मशीन थांबलं.

"आत्ता येऊ?" शिंप्याने विचारलं.