आबांची वरणाची पेटी

"आबा गेले वं माय..." यावलहून आबांच्या शेजारच्या अक्कांचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या घरी भाजी परतत होते. आबा म्हणजे माझे सासरे. मी आधी गॅस बंद केला आणि मगच मटकन खाली बसले. त्यांनीच लावलेली सवय, दुसरं काय!

आबांचा सगळा जन्म केळी पिकवण्यात गेला. कच्चे घड बंद खोलीत पेंढ्यात रचायचे, दार लावायचं आणि धीर धरायचा. काम सुटल्यावर हीच विद्या त्यांनी स्वयंपाकघरात आणली. लाकडी खोकं, आतून केळीची वाळकी पानं, त्यावर घरच्या कापसाच्या उशा. तुरीच्या डाळीला गॅसवर चांगली सणसणीत उकळी आणायची, झाकलेलं पातेलं पेटीत ठेवायचं आणि वरून उशी दाबायची. दुपारपर्यंत वरण तयार! "ऊब कोंडली का केळं पिकतं, मंग डाळ काहून नाही शिजनार?" गॅस कमी जाळला की हवेत कार्बनही कमी जातो, हे शाळेत शिकलेलं सगळं माझ्या लेकीनं त्यांना एकदा समजावून सांगितलं. आबा शांतपणे म्हणाले, "म्हंजे धूर दिसत नाही, पन असतो. मले वाटलंच होतं."

मी पडले उतावळी. नवी नवरी असताना दर थोड्या वेळानं पेटी उघडून डाळ चेपून बघायची. ऊब राहणार कशी? डाळ कच्चीच. "झाकन तू उघडू राह्यली अन् नावं पेटीले!" असं म्हणून आबांनी ते करकरणारं वरण हसत हसत संपवलं होतं...

या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी आठवडाभर यावलला होते. निघायच्या दिवशी सकाळी म्हणाले, "पेटीतलं वरन कर वं पोरी. पेटी ना..." "माहितीये आबा, करते," मी त्यांना मध्येच तोडलं. मला दुपारची बस गाठायची होती. कुकर लावला. शिट्ट्या ऐकू जाऊ नयेत म्हणून वर मिक्सर चालू ठेवला, रिकामाच! कसली मी शहाणी! "पेटीतलंच ना?" त्यांनी विचारलं. "हो तर!" चार घास खाऊन म्हणाले, "लय गोड झालं."

ते आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्याला अक्का पेटी घेऊन आल्या. "आजारी पडायच्या आधीच आबांनी मले वापराले देल्ली होती. तू जळगावले निघाली त्या दिवशी सकाळी निरोप धाडला, सून पेटी न्याले येईन, रिकामी करून ठेव. मी वाट पाह्यली, पन तू आलीच नाही वं..."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्यांना पहिल्या घासालाच कळलं असणार, आणि तरी गोड म्हणाले. आबा, चुकलं हो माझं.

पेटी आता माझ्या ओट्याखाली असते. आज सकाळी डाळ ठेवली आहे. हे लिहिता लिहिता दोनदा उठले, उशीवर हात ठेवला, ऊब लागली. झाकण उघडलं नाही.