आक्काने कानात काय सांगितलं?

आक्का गेल्याचा फोन भाच्याने केला, तेव्हा मी त्याला "बरं" एवढंच म्हणालो आणि लगेच चुडाव्यातल्या तिच्या शेजारणीला फोन लावला. भाचा आपल्या आईबद्दल खोटं सांगेल असं नव्हे. पण ही सवय आक्कानेच लावलेली... कुणाच्याही मरणाची बातमी ती एका तोंडावरून खरी धरत नसे. "दुसऱ्यानं सांगू दे," म्हणायची आणि तोवर आपला चहा पिऊन घ्यायची. शेजारणीने फोन उचलला तो रडतच. मग मी खुर्चीत बसलो. पाच आठवडे झाले त्याला.

माझी ही थोरली बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्याइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. चुडाव्याहून पूर्णेला माझ्याकडे यायचं म्हणजे रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता, तरी गाडीत चढण्याआधी ती तीन जणांना विचारायची, ही पूर्णेलाच जाती का? मी रेल्वेत नोकरीला होतो, गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ. तरी माझ्याकडून वेळ विचारून घेऊन ती वर हमालाकडून खात्री करून घ्यायची. एकदा मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, मीठ घेतानाबी मी चाखून घेते, त्यात मिठानं काय राग मानायचा!

तिचं नाव धोंडाबाई. मूल जगावं म्हणून असं दगडाधोंड्याचं नाव ठेवायची आमच्याकडे रीत होती. कुणाची नजर लागू नये, नेणाऱ्यानेही ह्यात काय न्यायचं म्हणून पुढे जावं. तिलाच ते का ठेवलं, हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला ते नाव फार लागायचं, एवढं मात्र मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच की काय, भावकीतल्या लेकरांची नावं ठेवायचा आत्याचा मान तिच्याकडे आला तेव्हा तिने जुन्यापैकी एकही नाव ठेवलं नाही. रेडिओवर ऐकलेली, शाळेतल्या बाईंना विचारून आणलेली नवीकोरी नावं. माझ्या मुलाला मला आमच्या वडिलांचं, रंगनाथ, हे नाव द्यायचं होतं. आक्का म्हणाली, पाळण्यातच पोराला म्हातारं करू नको. तो अमोल झाला.

दोन वर्षांपूर्वी अमोलला मुलगी झाली. अमोल एकुलता, त्याला बहीण नाही. तेव्हा त्याचं नाव ठेवणाऱ्या आक्कानेच त्याच्या मुलीचंही ठेवावं असं ठरलं. माझी सून मृणाल पुण्याची. तिच्या मैत्रिणींच्या घरी तेव्हा रमा, गोदा, इंदू, यमुना अशाच मुली जन्माला येत होत्या. तिनेही नाव शोधून ठेवलं होतं... वेणू. मला आवडलं. मी उत्साहाने चुडाव्याला जाऊन आक्काला सांगितलं.

आक्का ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. हे नाव तुमाला कुनी सांगितलं, तिने विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, जुनी नावं आता पुन्हा चालतात. तिचा विश्वास बसेना. गावातलं कोण पुण्याला गेलं होतं, मृणाल कुणाशी बोलली, आमच्या आईने मरताना मला काही सांगितलं होतं का... पोलीस बरे, असा तपास तिने केला. मग म्हणाली, "भाकरीचंबी आसंच झालं. आमी खात व्हतो तवा गरिबाची, आता हॉटेलात मानाची. आमी टाकलेलं हे लोक कामून उचलायलेत, बापू? टाकनाऱ्याला तरी इचारा, का टाकलं म्हनून." मला वाटलं, म्हातारीला नव्याचा राग येतोय. खरं सांगायचं तर मला तिचाच संशय आला. आपल्याला असलं गोड नाव मिळालं नाही म्हणून पोरीलाही मिळू देत नाही की काय? इतका हलका विचार मी तिच्याबद्दल केला, ह्याची आज लाज वाटते.

बारसं पूर्णेला, माझ्या घरी झालं. तुमच्याकडं मिक्सर असंल, वरवंटा नसंल, असा शक घेऊन आक्का स्वतःचा वरवंटा धडप्यात गुंडाळून रेल्वेने घेऊन आली. त्याला कुंची घालून आधी पाळण्यात निजवला, मग बाळाला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. आक्का पाळण्यात वाकली, पदराचा आडोसा केला आणि बाळाच्या कानाशी गेली. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत दणादण थापा मारल्या. मृणाल मोबाईल धरून अगदी जवळ उभी होती, पण त्या गलक्यात एक अक्षर ऐकू आलं नाही. आक्का वर आली आणि सगळ्यांना म्हणाली, "वेणू." मृणाल रात्री अमोलपाशी कुरकुरली, की आत्याबाईंचे ओठ 'वेणू'सारखे हलले नाहीत. मी ते हसण्यावारी नेलं.

मृणालचं काम घरून चालायचं, त्यामुळे नातीसह ती महिनोन् महिने पूर्णेला राहायची आणि ती आली की आक्का हजर. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं तिने कुणाला करू दिलं नाही. त्या वेळी न्हाणीचं दार आतून लावलेलं असायचं. वारं लागतं, म्हणायची. उन्हाळ्यातसुद्धा!

जाण्याच्या आठवडाभर आधी तिने मला बोलावून घेतलं. खाटेवर पडून होती. मला उशाशी बसवून म्हणाली, "वेणू माझ्या आधीची. आपली थोरली. दीड वर्साची झाली न गेली. लय हसायची म्हनं, समदं गाव नाव घेऊन बोलवायचं. मग मी झाले तर मायनं माझं नाव धोंडा ठिवलं, न ते नाव घरात पुन्हा घेऊ दिलं न्हाई." सदुसष्ट वर्षांचा झालो, आणि मला आणखी एक बहीण होती हे मला माहीत नव्हतं. सुनेला सांगू का, विचारलं, तर तिने माझा हात घट्ट धरला. नको, तिच्या जीवाला घोर लागंल. मग मी दोन वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, बारशाला कानात काय सांगितलंस? तिने आधी दाराकडे पाहिलं.

"तुला कुनी पाठवलं इचारायला?"

कुणी नाही, म्हटलं.

"मंग कशाला पायजे? मी हाय तवर ठीक हाय. फुडं तू ध्यान ठीव." मी हो म्हणालो. कशाचं ध्यान ठेवायचं, हे तिने सांगितलं नाही.

तेराव्यानंतर अमोल-मृणाल चार दिवस राहिले. आक्काने मागे ठेवलेला वरवंटा अजून आमच्याच घरात आहे. नात पाठमोरी बसून त्याच्यावर पंचा घालत होती. मृणाल स्वयंपाकघरातून "वेणू, वेणू" हाका मारत होती, पोरगी खेळात दंग. मला काय वाटलं कोण जाणे. मी हळूच म्हटलं, "धोंडे..."

नातीने मान वळवली. "ओ," म्हणाली, आणि माझ्यामागे आक्काला शोधू लागली.

जन्मभर जे नाव तिला सलत राहिलं, तेच तिने पोरीला राखण म्हणून दिलं होतं. बंद न्हाणीत, तेलाच्या हाताने, रोज.

मी असलं काही मानत नाही. मृणालला अजून काही सांगितलेलं नाही. पण ते पुण्याला निघाले तेव्हा नातीला गाडीत बसवताना मी तिच्या कानाशी वाकलो, ते नाव घेतलं, आणि पाठीत थाप पडेल म्हणून क्षणभर तसाच वाकून राहिलो.