आत्याची पापणी

माझी आत्या टेमघरला आमच्याकडेच राहायची. जवळच्या लूमच्या कारखान्यात ती कांड्यांवर सूत भरायची. तिचा डावा डोळा कायम लाल, कायम पाणावलेला. "कापसाची धूल गेलीय, आनखी काय," म्हणून ती विषय संपवायची.

मी दहावीत असताना एका दुपारी ती मला घेऊन दारात उजेडाला बसली. "बघ गं, काय टोचतंय." खालची पापणी आत वळली होती, तिचे केस बुबुळाला घासत होते. भुवयांच्या चिमट्याने मी चार केस उपटले. तिला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी तिने माझ्यासाठी बांगडे तळले. मग दर पंधरा दिवसांनी तेच. नवे केस आखूड आणि राठ येत, जास्तच टोचत. मला ते दिसत होतं, तरी मी बोलले नाही.

दोनेक वर्षांनी तिला त्या डोळ्याने तुटलेला धागा दिसेना, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासून विचारलं, "केस कोण उपटतं?"

"मी," मी म्हणाले.

"उपटून काय होणार? पापणीच सैल पडून आत वळलीय. बुबुळावर ओरखडे आलेत. ऑपरेशन करावं लागेल."

आत्या उठलीच. "डोला कापनार? मना न्हाय करायचं."

"डोळ्याला हात लावत नाही, मावशी. फक्त पापणी बाहेर वळवायची. पाऊण तासाचं काम."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला रडू येत होतं. "मी आता उपटणार नाही," एवढंच मला म्हणता आलं. ती परत खुर्चीवर बसली.

सुईच तेवढी दुखली, असं ती नंतर सांगायची. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पापणी सुजून काळीनिळी झाली होती, पण टोचणं थांबलं होतं. आठवड्याने टाके निघाले. ओरखड्यांचा पांढरा डाग मात्र बुबुळावर राहिला. त्या डोळ्याने तिला धूसरच दिसायचं.

"माझ्यामुळे झालं का?" मी डॉक्टरबाईंना एकटीने विचारलं.

"उशिरा आलात," त्या म्हणाल्या. ते उत्तर अजून मला पुरत नाही.

पुढच्या वर्षी उजवी पापणी वळू लागली. आत्या कुणाला न सांगता रिक्षाने दवाखान्यात गेली आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी आली.