ओढ्यापलीकडचा परगणा

जर्मनीत शिकत असताना मी एका जुन्या संस्थानाच्या दफ्तरखान्यात अधूनमधून जात असे. एका मळभलेल्या दुपारी तिथल्या वयस्क बाईंनी माझ्यापुढे तीनशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज ठेवला. आना नावाच्या मुलीला ओढ्यापलीकडच्या सुताराशी लग्न करायचं होतं. पण पलीकडे दुसरा परगणा लागे, आणि जहागिरीच्या जमिनीला बांधलेल्या कुळांना अंमलदाराच्या परवानगीशिवाय हद्द ओलांडता येत नसे. अर्जाखाली एकच शब्द होता, 'नामंजूर'.

"दरवर्षी अर्ज करायची ती," बाई म्हणाल्या. "नवव्या वर्षी मंजूर झाला."

"मग झालं लग्न?"

"सुतार त्याआधीच्याच हिवाळ्यात वारला होता."

नकाशावर हद्दीची ती रेघ ओढणाऱ्याने आनाला कधी पाहिलंही नसेल. माणसाचं आयुष्य अडवायला भिंत लागत नाही, कुणाचं तरी 'नाही' पुरतं.

बाईंनी मंजुरीचा कागद उलटून दाखवला. मागे, कागद पोचल्याची खूण म्हणून, सहीऐवजी आनाने काढलेली शाईची एक थरथरती फुली होती. सगळं संपल्यावरही आना तो घ्यायला कचेरीत गेली होती.