नानांची उजवीकडची डिस्क

आमच्या ऑफिसातले डिस्कवाले नाना प्रवासी टेम्पोत कधी ड्रायव्हरशेजारी बसत नसत. तिथे इंजिनाचा ताव लागतो. त्यांना चालला असता, मांडीवरच्या ड्राइव्हला चालणार नव्हता. जाड पुस्तकाएवढी ती ड्राइव्ह वायरीसकट पंच्यात गुंडाळून ते रोज ग्वाल्हेरातल्या मुरारच्या ऑफिसातून बाड्याच्या चौकाजवळच्या ऑफिसात नेत. फ्लॉपीत न मावणारं सगळं तिच्यातल्या डिस्कवर असे.

मी तेव्हा नवी, नोकरीत अजून कायम न झालेली, आणि घाईची. ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतानाच डिस्क काढायला जायची. नाना हात धरत. "आराम से, बेटा. तिला थांबू दे, मग हात लाव." मला राग यायचा, पण त्यांची एकही डिस्क कधी बिघडली नाही हेही खरं.

प्रत्येक डिस्कची ते दुसरी प्रत ठेवत. "एक कामाची, एक भीतीची," म्हणत. कामाची टेबलावर उजवीकडे, भीतीची डावीकडे. चिठ्ठी कशावरच नाही. त्यांना कधी लागलीच नव्हती.

मध्य प्रदेशाचे दोन भाग व्हायचे ठरले आणि कोण इथे राहणार, कोण रायपूरला जाणार याचे पर्याय भरून घेणं सुरू झालं. नानांचे वडील आंधळे. किला गेटच्या घरात नाना रोज त्यांची दाढी करून मगच ऑफिसला निघत. म्हातारा ग्वाल्हेर सोडायला तयार नव्हता, त्यामुळे नानांना दुसरा पर्यायच नव्हता. तरी शेवटच्या दिवशी त्यांनी आधी सगळ्यांचं भरलं, भीतीची प्रत काढली आणि संध्याकाळी कामाच्या डिस्कवर स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. डिस्क भोपाळला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. उजवीकडची ने, असा त्यांचा निरोप होता. मी टेबलासमोर, त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहून उजवीकडची उचलली. माझ्या उजवीकडची.

यादी लागली. नानांचा पर्याय कोरा होता, म्हणून नाव रायपूरच्या रकान्यात. त्यांनी अर्ज केला. यादी बदलणार नाही, असं उत्तर आलं. माझी चूक मला तेव्हाच कळली होती. मी गप्प बसले. याची आजही लाज वाटते.

त्यांना सोडायला स्टेशनवर गेले तेव्हा मात्र राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. नाना म्हणाले, "डिस्क परत आली त्याच दिवशी बघितलं मी."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तू पक्की कुठे झाली आहेस अजून? आधी तुलाच काढलं असतं."

बायको वडिलांपाशी राहिली, नाना एकटेच गेले. सहा महिन्यांनी म्हातारा अचानक गेला. रायपूरहून नाना पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी भेटायला गेले तर ते ओसरीवर बसले होते, डोकं भादरलेलं. मी पायरीवर बसले. तेच म्हणाले, "झालीस का गं पक्की?"

त्याच आठवड्यात कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली होती. मला हो म्हणवेना.