माणसाला कडता नाही

जळगावात कापसाच्या जिनिंग मिलच्या काट्यावर कापूस तोलणारा तो गृहस्थ मला रोज चहाला भेटायचा. समोरच्याला आधी एक डोळा मिटून तोलायचा, मग रामराम. आणि मग तेच भांडण: आजवरचा सर्वांत मोठा बॉक्सर कोण? त्याच्या मते भुसावळच्या रेल्वेतला एक फिटर. "एक वजनगट जिंकला की वरच्या गटात जाऊन भारी माणसं पाडतो! असा दुसरा दाखवा!" कुणी हसलं तर चहा अर्धा टाकून उठायचा.

त्या वर्षी फिटर उलटा खालच्या गटात उतरला. सामन्याआधी वजन करायला यालाच बोलावलं होतं. फिटर किंचित जड भरला. आयोजक म्हणाले, "बाजारात ओलाव्यापोटी वजन कापता ना, तसा थोडा कडता धरा."

हा पेटला. "माणसाला कडता नसतो! बारक्यांना मारायला खाली उतरतो, तो कसला मोठा?" स्वतःच्या देवालाच त्याने बाद केलं. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जिनात भडगावचा एक शेतकरी त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. "भाऊ, कापूस कोरडा शे, हात लाईसन देखा."

याने हात लावला नाही. "कडता बठ्ठासना कटस," म्हणत सगळ्यांचा कापतो तसा त्याचाही कापला.

माझं डोकंच फिरलं. "काल तर म्हणालात, माणसाला कडता नसतो!"

"नसतोच," काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "हा कापूस आहे."

आणि कापसाचा माणूस समोरच उभा होता, हात जोडलेलेच.