पंधराव्या जनावराचे दहा फेरे

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. तारीख बारा फेब्रुवारी १९५७, वार मंगळवार. विंझरच्या नव्या शाळेच्या जागेवर गवंडी अजून आलेले नाहीत, पण चुन्याची घाणी सुरू झाली आहे. गोल चरातून दगडी चाक फिरते आहे. चाकाच्या दांड्याला रेडा जुंपला आहे आणि त्याच्या मागे काखेत काठी धरून ठकुबाई ढेबे चालते आहे. दर फेऱ्याला ती एक बोट मुडपते. दहाही बोटे मुडपली की एक नाव घेते.

"पवळी."

बोटे उघडते आणि पुन्हा चालू लागते.

पलीकडे दगडांच्या ढिगावर मुकादम सावळाराम बसला आहे. एरवी तो सातनंतर येतो. आज तो लवकर आला आहे आणि तिच्या तोंडाकडे कान देऊन बसला आहे.

ठकुबाई पंचेचाळिशीची असावी. नक्की वय तिला माहीत नाही. विंझरवरून दोन तास डोंगर चढला की तिचा धनगरवाडा लागतो. तिथे तिचा नवरा हैबती गुरे राखतो. ती दूध घुसळते, लोणी कढवते. डिसेंबरात शाळेचे काम निघाले तेव्हा घाणीसाठी जनावर हवे होते. हैबतीने रेडा द्यायचे कबूल केले, पण रेडा ठकुबाईशिवाय कोणाचे ऐकत नाही. म्हणून तीही खाली आली आणि जागेवरच्या खोपटात राहू लागली.

कामाच्या अटींचा छापील कागद मुकादमाच्या पेटीत असतो. त्यातली नववी अट चुन्याची आहे. कळीचा चुना, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची पूड घाणीत एकत्र घातल्यावर चाकाचे दीडशे फेरे झाल्याशिवाय तो घाणा, म्हणजे एका वेळचा चुना, भिंतीवर नेऊ नये. ओव्हरसियरने पहिल्याच दिवशी ही अट सगळ्यांना उभे करून वाचून दाखवली. दोन पावसाळ्यांपूर्वी मावळातल्या एका गावात चावडीची भिंत बसली होती. तिचा चुना कमी दळलेला निघाला. चावडी रिकामी होती म्हणून निभावले.

"इथं मुलं बसणार आहेत," ओव्हरसियर म्हणाला होता.

ठकुबाईला आकडे दहापर्यंत येतात. दीडशे म्हणजे किती, हे तिने गेनू गवंड्याला विचारले.

"पंधरा दहा," गेनू म्हणाला.

त्याने वाळूत पंधरा रेघा ओढल्या आणि तिने एकेका रेघेवर एकेका गुराचे नाव घेतले. "म्हंजी माजी सगळी दावण. येकीला धा."

तिच्या वाड्यावर गुरांचा आकडा कोणी तोंडाने सांगत नाही. सांगितला की गुरे कमी होतात असे मानतात. संध्याकाळी दावणीला गुरे लागली की एकेकीचे नाव घेत जायचे. ज्या नावाला हुंकार आला नाही ते जनावर रानात राहिले. ठकुबाईने हीच रीत घाणीला लावली. पवळीपासून सुरुवात, बगळीवर शेवट, प्रत्येकीला दहा फेरे. पहिल्या आठवड्यात ओव्हरसियरने हातात घड्याळ धरून आणि वहीत रेघा ओढून तीन घाणे मोजले. तिन्ही बरोबर दीडशे भरले.

एका घाण्याला सव्वा तास लागतो. मुकादमाला तो वेळ जास्त वाटे. ठेकेदार पुण्याला असतो आणि छपराच्या तुळया मार्चआधी चढवा म्हणून चिठ्ठ्या पाठवतो. जानेवारीच्या मध्यात एक दिवस ऐंशी फेऱ्यांवरच मुकादमाने घाणी थांबवायला सांगितली.

"बास, ठकुबाय. लोन्यासारका झालाय चुना."

"लोनी कदी काडलंय का तुमी, मुकादम? वर तरंगलं म्हून झालं न्हाई. ताक सुटाया लागतं."

मुकादमाने पाट्या वाहणाऱ्या बायांना चुना भरायला सांगितले. ठकुबाईने काठी चरावर आडवी टाकली. "म्या घाणा सोडल्याबिगर पाटी बुडवायची न्हाई."

सगळ्यात पुढे साळूबाई होती. तिने पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "बसाया बरं झालं, मुकादम. सकाळधरनं कंबर धरली व्हती."

"रेडा फिरवायचं काम तुजं," मुकादम ठकुबाईला म्हणाला. "भित बांदायचं आमचं."

"मंग भितीवर तुमचं नाव कोरा. पडल्यावर लोकांस्नी इचारत बसाया नको."

"उद्यापासनं येऊ नगंस."

"न्हाई येत. रेडा बी येत न्हाई."

मुकादमाने गावातून एक बैलजोडी आणवली. त्या बैलांना गोल फिरायची सवय नव्हती. दुपारपर्यंत चाक दोनदा चराबाहेर आले आणि दांडा मोडला. संध्याकाळी मुकादम स्वतः ठकुबाईच्या खोपटापाशी गेला आणि रेड्याची चौकशी करून आला. दुसऱ्या दिवशी दीडशे फेरे पुन्हा सुरू झाले. त्यानंतर महिनाभर घाणा सोडायचा तो ठकुबाईनेच, हे जागेवर सगळ्यांनी धरून चालले होते. तसे कोणी लिहून दिलेले नव्हते. तिच्या मोजणीवर लोकांचा भरवसा होता, एवढाच त्याला आधार होता.

या मंगळवारी आठला पाच मिनिटे कमी असताना तिने "बगळी" म्हटले आणि रेडा थांबवला. सावळाराम ढिगावरून उतरला.

"चौदा," तो म्हणाला.

"काय चौदा?"

"नावं. काल बी चौदाच. चौदा म्हंजी एकशेचाळीस. धा कमी."

ठकुबाईने तोंडातल्या तोंडात नावे पुन्हा म्हटली. मधेच थांबली.

शनिवारी संध्याकाळी हैबती निरोप घेऊन खाली आला होता. काजळीला बिबट्याने नेले होते. मेलेल्या जनावराचे नाव तेरा दिवस घेऊ नये, अशी वाड्यावरची रीत आहे. घेतले तर मागची जनावरे चरायचे सोडतात, असे म्हणतात. रविवारी सकाळी घाणीवर ठकुबाई काजळीच्या जागेशी आली आणि पुढच्या नावाला गेली. जीभ रीतीप्रमाणे वळली. त्या नावाबरोबर दहा फेरेही गेले, हे तिच्या ध्यानात आले नाही. रविवारचे पाच घाणे आणि सोमवारचे पाच असे दहा घाणे कमी दळलेले भिंतीवर गेले होते.

"ह्यात तुजा गुन्हा हाय असं म्या म्हनत न्हाई," सावळाराम हलक्या आवाजात म्हणाला. "धा कमी झालं, भित उभीच हाय का न्हाई? ऐंशीवर बी उभी ऱ्हाईल. साहेब आज येतोय. तू गप, म्या गप. उद्यापासनं ऐंशी."

ठकुबाईने रेड्याला हाकले, दहा बोटे मुडपेपर्यंत त्याला फिरवले आणि मग साळूबाईला म्हणाली, "हा भर." तिथून ती थेट गेनू गवंड्याकडे गेली.

"परवापासनं चुना कुठं लावला?"

"पच्छिमच्या भितीला. खिडकीच्या तळापासनं वर."

"ती उतरवाया लागंल."

गेनूने थापी खाली ठेवली. "दोन दिस घातल्यात म्या तिच्यावर. भित हाय ती, ठकुबाय. चुलीवरचा तवा न्हाई, उचलला नि खाली ठेवला."

"चुना कच्चा हाय. माज्या हातनं झालाय."

"मंग तुज्या हातानं काड."

"तू परत बांदशील तर काडते."

ओव्हरसियर दर मंगळवारी भोरहून निघतो, नसरापूरला एस.टी. बदलतो आणि अकराच्या सुमाराला विंझरला उतरतो. आज तो जागेवर पोचला तेव्हा मुकादम पेटी उघडत होता. मुकादम बोलायच्या आत ठकुबाई पुढे झाली. काजळीचे नाव न घेता तिने गेलेल्या जनावराचे, चौदा नावांचे आणि दहा घाण्यांचे सगळे सांगितले. सकाळी मुकादम काय म्हणाला तेही सांगितले.

ओव्हरसियर पश्चिमेच्या भिंतीपाशी गेला. त्याने सांध्यात खिळा दाबला. खिळा अर्धा इंच आत गेला. त्याने खिळा पुसून खिशात ठेवला. दोन दिवसांचा चुना दीडशे फेऱ्यांचा असला तरी मऊच लागतो. त्यावरून काहीच ठरत नव्हते, हे त्यालाही माहीत होते.

"बाई, दहा फेऱ्यांनी फार बिघडत नाही," तो म्हणाला.

"कागदात काय लिवलंय?"

"दीडशे."

"आज तुमी धा सोडलं तर उद्या हे निम्मं सोडत्याल. सकाळीच बोललेत."

"चेष्टा केली, साहेब," सावळाराम म्हणाला.

"जानेवारीत बी केली व्हती," साळूबाई पाटी न उतरवता म्हणाली. "लई चेष्टेखोर मानूस."

भिंत उतरवली तर काम दोन-तीन दिवस मागे जाणार होते आणि ठेकेदाराचे पत्र ओव्हरसियरच्याही कचेरीत येणार होते. त्याने पेटीतून कागद मागून घेतला, नववी अट पुन्हा वाचली आणि वहीत हुकूम लिहिला. पश्चिमेची भिंत खिडकीच्या तळापर्यंत उतरवावी. दगड धुऊन परत वापरावेत. निघालेला चुना वापरू नये. खाली मुकादमाची सही घेतली. सावळारामने सही केली आणि वही परत दिली.

"मोजणीला आता पंधरा खडे ठेवा," ओव्हरसियर ठकुबाईला म्हणाला. "दर दहा फेऱ्यांना एक खडा बाजूला टाकायचा. नावांची भानगड नको."

"न्हाई, साहेब. खडा कुनी बी उचलतो. नाव उचलता येत न्हाई."

"मग पंधरावे नाव कोणाचे घेणार? गेलेल्या जनावराचे तर चालत नाही."

ठकुबाईने मुकादमाकडे पाहिले. "सावळाराम."

बाया हसल्या. गेनूने तोंड फिरवले.

"मला जनावरात धरतीस व्हय?" सावळाराम म्हणाला.

"दावणीत धरते. चुकार जनावरावर ध्यान ठेवाया लागतं."

दुपारी दोनच्या घाण्याला तिने पवळीपासून बगळीपर्यंत नावे घेतली. त्यानंतर घाणी न थांबवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने पंधरावे नाव घेतले आणि दहा फेरे पुरे केले. सावळाराम तेव्हा सुरखी मोजत होता. त्याने वर पाहिले नाही, पण घाणा सुटेपर्यंत एकाही बाईला पाटी भरायला सांगितले नाही.

तीन वाजता गेनू आणि त्याचे दोन जोडीदार पश्चिमेच्या भिंतीवर चढले. वरचे दोन थर अंधार पडायच्या आत निघाले. दगड धुवायला ठकुबाई स्वतः बसली. रेडा तोवर सावलीत बांधलेला होता.

बाकीची भिंत उद्या, बुधवारी, सकाळी सात वाजता उतरवायला घेतील. घाणी साडेसहाला सुरू होईल, आणि पावणेआठच्या आत कोणालाही पाटी भरता येणार नाही.